आधी वायर बघा: पंचवीस वर्षांनी ‘फायनल फँटसी सेव्हन’ पुन्हा खेळताना

सगळ्यात आधी वायर बघा. गेम नंतर.

अमेरिकेहून आलेल्या जुन्या प्लेस्टेशनच्या पाठीमागे इंग्रजी आठच्या आकाराची खाच असते. टेपरेकॉर्डरच्या मागे असायची तशीच. इतकी तशीच, की टेपरेकॉर्डरची वायर त्यात अगदी मापात बसते आणि घात होतो तो इथेच. त्या मशिनला १२० व्होल्ट हवेत, आपल्या भिंतीत २३० आहेत. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात २००० साली एका गुरुवारी मी हा प्रयोग करून पाहिलेला आहे. ‘फट्’ असा बारीकसा आवाज झाला आणि मग असा वास सुटला की मी आधी देवघरात जाऊन उदबत्ती लावली.

मशिन होतं माझ्या आतेभावाचं, म्हणजे दादाचं. मी एकटीने पुढचं खेळू नये म्हणून तो व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर कपाटात ठेवून, किल्ली खिशात टाकून कॉलेजला जायचा. संध्याकाळी तो आल्यावर मी सांगितलं, लाइट गेली होती, परत आली तेव्हा झटका बसला असणार. पुण्यात गुरुवारी लाइट जायचीच, त्यामुळे ते खपून गेलं. गेम मात्र तिथेच राहिला. तीन सीडींचा ‘फायनल फँटसी सेव्हन’, आणि आम्ही तिसऱ्या सीडीवर, शेवटच्या विवरात उतरलेलो.

गेल्या दिवाळीत माळा आवरताना ते खोकं सापडलं. मशिन, तिन्ही सीड्या, एक मेमरी कार्ड आणि तो बिचारा निर्दोष ट्रान्सफॉर्मर. तेव्हापासून चार महिने मी हा गेम पुन्हा खेळले. त्यात जे कळलं ते इथे लिहिते आहे. तुमचा जुना गेम दुसरा असेल तरी बरंचसं लागू पडेल.

मशिन की नवी आवृत्ती?

तुमच्याकडे जुनं मशिन नसेल तर केवळ हौसेखातर विकत घेऊ नका. हाच गेम पीसीवर, प्लेस्टेशन ४ वर, स्विचवर, फोनवरसुद्धा रीतसर मिळतो. तोच १९९७ चा गेम, वर तिप्पट वेगाची सोय. फक्त घेताना नाव नीट वाचा. २०२० चा ‘रीमेक’ आणि २०२४ चा ‘रीबर्थ’ हे नव्याने बांधलेले वेगळे गेम आहेत. २०२० वाल्यात तर सगळी गोष्ट मिडगार या एकाच शहरात संपते. आमच्या चिरंजीवांनी त्याचे व्हिडिओ पाहिले होते, त्यामुळे माझा क्लाउड, म्हणजे गेमचा नायक, पडद्यावर आला तेव्हा तो म्हणाला, “आई, याला बोटंच नाहीत. हाताच्या जागी ठोकळे आहेत.” आहेत. सवय होते.

जुनं मशिन असेल तर ते पाठीवर उलटं करून लेबल वाचा. माझ्या मशिनवर एससीपीएच-७००१ आणि १२० व्होल्ट असं लिहिलेलं आहे. जपानी मशिन १०० व्होल्टवर चालतं. युरोपसाठीचं थेट आपल्या भिंतीत लागतं. नंतर आलेल्या छोट्या, गोलसर पीएस वनला बाहेरून साडेसात व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लागतो, म्हणजे तिथे अ‍ॅडॉप्टरवरचे आकडे वाचायचे. ट्रान्सफॉर्मर शंभर वॅटचा असला तरी भरपूर झाला. प्रवासात हेअर ड्रायरसाठी वापरतात तो हलका कन्व्हर्टर चालणार नाही. हातात घेतल्यावर वीट उचलल्यासारखं वाटलं पाहिजे, तो खरा.

माझं मशिन तपकीर गल्लीत उघडलं गेलं. कारागिराने झाकण काढून पॉवरची पट्टी बाहेर घेतली आणि फुगलेला कपॅसिटर बोटाने दाखवला. तिथे सगळे त्याला कंडेन्सर म्हणतात. डोकं पुरणपोळीसारखं टम्म फुगलेलं, कडेने काहीतरी तपकिरी ओघळून वाळलेलं. “हा दोनशे व्होल्टचा आहे, ताई. तुमच्या लाइनचा डीसी झाला की सव्वातीनशे होतात. जाणारच होता. डायरेक्ट लावला होता का?” मी म्हटलं, लाइट गेली होती. पंचवीस वर्षांनी, परक्या माणसासमोरही माझ्या तोंडून तेच निघालं. त्याने कंडेन्सर आणि फ्यूज बदलला, लेन्सवर फुंकणीने हवा मारली आणि साडेसातशे रुपये घेतले.

घरी करायचं काम एवढंच: सीडी मऊ कापडाने मधून बाहेर सरळ रेषेत पुसा. गोल गोल फिरवून पुसलं की ओरखडे ट्रॅकच्या दिशेने पडतात आणि ते मशिनला जास्त छळतात. लेन्सला बोट लावू नका. तुमचं मशिन अगदी सुरुवातीच्या मॉडेलांपैकी असेल आणि व्हिडिओ अडखळत असेल, तर ते उलटं ठेवून बघा. चेष्टा नाही. त्या मॉडेलांत लेन्सची प्लॅस्टिकची गाडी झिजून एका बाजूला कलायची, मशिन उलटं किंवा आडवं केलं की कोन पुन्हा जुळायचा. आमच्या ओळखीतला एक मुलगा अख्खी सुट्टी उलट्या मशिनवर खेळला होता.

टीव्ही

आता मला जे सगळ्यात जास्त सांगायचंय ते. मी हा गेम लहानपणी काळा-पांढरा खेळले.

टीव्ही रंगीतच होता. पण अमेरिकन मशिन एनटीएससी पद्धतीने चित्र पाठवायचं आणि आमचा टीव्ही फक्त पाल पद्धत समजायचा. रंगाची माहिती वेगळ्या पद्धतीने बांधलेली असल्यामुळे टीव्हीला ती उलगडायचीच नाही. उरायचा तो नुसता उजेड आणि अंधार. आम्हाला वाटायचं, गेमच तसा आहे. राखाडी शहर, राखाडी धूर, राखाडी माणसं. आवाजही नाही, कारण दुपारी एक ते चार आजोबा झोपायचे आणि आमची खेळायची वेळ नेमकी तीच.

यंदा कोथरूडच्या हॉलमध्ये नव्या टीव्हीला मशिन लावलं. सुरुवातीला चांदण्या दिसतात, मग एका मुलीचा चेहरा, त्यावर पडलेला उजेड. तो उजेड हिरवा आहे! सगळ्या गोष्टीचं मूळ असलेली ती माको नावाची ऊर्जा हिरवी आहे. मग कॅमेरा वर वर जातो, थाळीवर वसवलेलं अख्खं शहर दिसतं, आणि नोबुओ उएमात्सूचं संगीत सुरू होतं. मी टीव्हीचा आवाज वाढवला. मग आणखी वाढवला. अहो आतून विचारायला आले, काय झालं.

तर टीव्ही जोडताना. हल्लीचे बहुतेक टीव्ही दोन्ही पद्धती ओळखतात, रंगाचा प्रश्न येत नाही. प्रश्न येतो पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांचा. पुष्कळ टीव्हींना त्या तीन भोकांऐवजी हेडफोनसारखं एकच भोक असतं, त्याची जोडवायर टीव्हीच्या खोक्यात आली होती आणि तुम्ही ती कुठेतरी टाकली. ती शोधा. तेही भोक नसेल तर एचडीएमआयची डबी घ्यावी लागते. स्वस्त डबीने चित्र जरा लिबलिबीत दिसतं, पण चालतं. सेटिंगमध्ये जाऊन चित्र ४:३ करा, नाहीतर क्लाउड बुटका आणि रुंद दिसतो. गेम मोड चालू करा, नाहीतर बटण दाबल्यावर पडद्यावर काही घडायला क्षणभर जास्त लागतो. लढाईत ते चालून जातं, पण मधेमधे मोटरसायकल, उठाबशा असले प्रकार येतात, तिथे रडू येतं.

जुना डबडा टीव्ही मिळाला तर सोनं. या गेममधल्या खोल्या आणि रस्ते म्हणजे आधीच रंगवून ठेवलेली चित्रं आहेत, त्यांच्यावर ठोकळ्यांची माणसं चालतात. एवढं बारीक चित्र मोठ्या एलईडीवर ताणलं की त्याचे दाणे दिसतात. जुन्या काचेच्या टीव्हीवर तेच मऊ होतं. सोसायटीत कोणी ना कोणी असा टीव्ही भंगारात काढतच असतं, किंवा रविवारी-बुधवारी जुन्या बाजारात एक चक्कर मारा. आधी मात्र तो एनटीएससी घेतो का ते विचारा, म्हणजे माझ्यासारखं व्हायचं नाही. आणि त्याचं मागचं झाकण स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आत जोरदार करंट राहतो.

मेमरी कार्ड

सीडी न घालता मशिन चालू केलं की कार्डाचा पडदा येतो. एका कार्डात १५ घरं असतात आणि या गेमचं एक सेव्ह एका घरात मावतं. जुनं कार्ड सापडलं तर पहिलं काम म्हणजे त्यावरचं सगळं दुसऱ्या कार्डावर उतरवणं. त्यात बॅटरी नसते, त्यामुळे माझं कार्ड पंचवीस वर्षं माळ्यावर राहूनही शाबूत निघालं. जुन्या कार्ट्रिजच्या गेमांचं मात्र तसं नसतं. त्यातल्या पुष्कळांत सेव्ह टिकवायला एक छोटी गोल बॅटरी असते, ती मेली की सेव्ह गेलं. पीएस टू वर खेळणार असाल तरी कार्ड पहिल्या प्लेस्टेशनचंच लागतं. पीएस टूच्या कार्डात जुनी सेव्ह ठेवता येतात, पण जुना गेम ती तिथून वाचत नाही.

माझ्या कार्डावर दादाचं सेव्ह होतं. बेचाळीस तास. क्लाउडचं नाव त्याने इंग्रजी अक्षरांत ‘दादा’ असं ठेवलेलं, आणि क्लाउडच्या टिफा या मैत्रिणीच्या जागी माझं घरचं नाव. मी ते उघडलं नाही. दुसऱ्या कार्डावर उतरवून घेतलं आणि नवा गेम सुरू केला.

तुम्हीही तेच करा. जुन्या सेव्हवर उडी मारून शेवट गाठायचा मोह होतो, पण हातात काय आहे आणि कोण कुठे चाललंय हे काही आठवत नाही, आणि दहा मिनिटांत आपण कंट्रोलर बाजूला ठेवतो.

सुरू करण्याआधी दोन मिनिटं

मेनूतल्या कॉन्फिगमध्ये जा. लढाईतल्या वेळेचे तीन प्रकार आहेत: अ‍ॅक्टिव्ह, रेकमेंडेड आणि वेट. वेट ठेवा. मग तुम्ही जादूच्या किंवा वस्तूंच्या यादीत शोधत असताना शत्रू थांबतो. चाळिशीच्या डोळ्यांनी ती बारीक अक्षरं वाचायला तेवढी उसंत लागते. संवादांचा वेग मधल्यापेक्षा जरा जास्त करा. खिडकीचा निळा रंगसुद्धा बदलता येतो. मी अबोली केला, दोन दिवसांनी परत निळा केला.

कंट्रोलरवरच्या काठ्या विसरा, हा गेम दिशांच्या बटणांवर चालतो. कॅन्सलचं बटण दाबून धरलं की क्लाउड पळतो. एल वन आणि आर वन एकत्र दाबून धरले की लढाईतून पळ काढता येतो. आणि सिलेक्ट! हे आम्हाला तेव्हा माहीतच नव्हतं. सिलेक्ट दाबलं की क्लाउडच्या डोक्यावर हात येतो आणि बाहेर जायच्या वाटांवर लाल, शिड्यांवर हिरवे बाण दिसतात. रंगवलेल्या चित्रात दार कुठलं आणि भिंत कुठली हे कळत नाही, म्हणून ही सोय. दादा आणि मी एका भंगाराच्या ढिगाऱ्यात दीड दिवस अडकलो होतो. दादाच्या मते गेममध्ये बिघाड होता.

पहिला विंचू

पहिल्या अणुभट्टीसारख्या कारखान्यात, त्याला रिअ‍ॅक्टर म्हणतात, विंचवाच्या आकाराचं यंत्र अंगावर येतं. मधेच ते शेपटी वर करतं. तेव्हा क्लाउड त्याच्या साथीदाराला, बॅरेटला, सावध करतो, पण इंग्रजी भाषांतर असं काही तोडलंय की पहिल्या चौकटीत ‘शेपटी वर असताना मार’ असा अर्थ लागतो आणि दुसऱ्या चौकटीत ‘तो लेझरने उलटा वार करेल’ असं येतं. मी मराठी माध्यमातली. पहिली चौकट वाचून लगेच तलवार चालवली. तीन वेळा मेले. शेपटी वर असताना काहीही करायचं नाही, जखमी असाल तर औषध घ्या. खाली आली की क्लाउडकडच्या विजेच्या जादूने मारा. यंत्राला वीज लागते, ही गोष्ट मला तेव्हापासून पक्की माहीत असायला हरकत नव्हती.

पुढे स्फोटाची उलटी गिनती सुरू होते. दहा मिनिटं म्हणजे पुष्कळ. पाय अडकलेल्या जेसीशी बोला, तिला सोडवा, तिच्याशिवाय दारं उघडत नाहीत.

रंगांचा हिशोब

या गेमची सगळी अक्कल मटेरियात आहे. काचेच्या गोट्यांसारखे हे गोळे तलवारीच्या आणि कड्याच्या खोबणीत बसवायचे. ज्याच्याकडे गोळा, त्याला ती विद्या. हिरवे म्हणजे जादू. पिवळे म्हणजे चोरी वगैरे नव्या कृती. निळे दुसऱ्या गोळ्याला जोड देतात. जांभळे अंगची ताकद वाढवतात. लाल गोळ्यांतून मोठमोठे जीव बोलावता येतात.

हे सगळं आम्ही राखाडीत खेळलो! प्रत्येक गोळा सारखाच. कोणता कशाचा हे नावावरून घोकायचं. निळ्या गोळ्यांचं मर्म तर आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण निळा म्हणून काही वेगळा प्रकार आहे हेच दिसत नव्हतं. ‘ऑल’ नावाचा गोळा दादाने एकटाच एका खोबणीत बसवून ठेवला होता, चाळीस तास. तो असा नाही वापरायचा. काही खोबणींच्या मधे एक बारीक पट्टी असते, त्या जोडखोबणी. एका बाजूला निळा ‘ऑल’, शेजारी हिरवा ‘रिस्टोअर’, की एकाच वेळी तिघांच्याही जखमा भरतात. या दोन गोळ्यांवर निम्मा गेम निघतो. रिस्टोअर पहिल्याच रिअ‍ॅक्टरमध्ये विंचवाच्या आधी जमिनीवर पडलेला मिळतो. ऑल मिडगारच्या सातव्या विभागात, दुकानाच्या वरच्या शिकवणीच्या खोलीत. वरची शिकवणीसुद्धा ऐकून घ्या, टाइमपास म्हणून सोडू नका.

गोळे लढाईगणिक पिकतात आणि पूर्ण पिकले की पिल्लू देतात. पिकलेला ‘ऑल’ विकला तर १४ लाख गिल, म्हणजे गेममधले पैसे, येतात. मी दिवसभर लोकांचे जीएसटीचे रिटर्न भरते, त्यामुळे हा आकडा बघून मला आधी आनंद झाला आणि मग उगाचच कराचा विचार आला.

दोन बारीक गोष्टी. बॅरेटच्या हाताला बंदूक आहे, त्याला मागच्या रांगेत उभा करा. मार कमी बसतो आणि बहुतेक बंदुकांचा मारा लांबचा असल्याने त्याचा वार तेवढाच राहतो. जादू करणारेही मागे. दुसरं, माको ऊर्जा विकणाऱ्या शिन्रा कंपनीच्या इमारतीत ‘एनिमी स्किल’ नावाचा पिवळा गोळा मिळतो. तो ज्याच्याकडे आहे त्याने काही ठरावीक वार अंगावर घेतले की तो ते शिकतो. मिडगारमधून बाहेर पडल्यावर लगेच, आसपासच्या पडीक जमिनीवर, कस्टम स्वीपर नावाची यंत्रं फिरतात, त्यांच्याकडून ‘मात्रा मॅजिक’ घ्या. सगळ्या शत्रूंवर एकदम पडतं आणि पुढे बराच काळ पुरतं.

त्याच इमारतीत वर जायला लिफ्टही आहे आणि जिनाही. जिना घ्या, एकदा तरी. ५९ मजले, आणि वाटेत बॅरेटची कुरकुर. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढताना माझी आई जे जे बोलते, ते सगळं तो बोलतो.

वही

या गेममध्ये कामांची यादी नाही. पुढे कुठे जायचं ते कोणीतरी एकदा बोलून जातं आणि मग विषय संपला. लहानपणी चालायचं, कारण रोज तेच खेळायचो. आता माझे दोन डाव कधी कधी नऊ दिवसांच्या अंतराने व्हायचे. महिन्याच्या वीस तारखेआधी तर मी मशिनकडे बघतही नाही. म्हणून एक वही केली. डाव संपवताना तीनच ओळी: कुठे आहे, पुढे कुठे जा असं कोणी सांगितलं, महत्त्वाचे गोळे कोणाकडे. नमुना म्हणून, “कॉस्मो कॅन्यन. बग्गी बंद पडली, रेडच्या आजोबांना भेट. रिस्टोअर-ऑल क्लाउडकडे. तंबू ३.” (रेड हा आपला एक साथीदार.) चिरंजीव म्हणाला, नेटवर सगळं लिहिलेलं आहे. आहे, पण नेटवर आजोबांचं काय झालं तेही लिहिलेलं आहे.

सेव्ह करायच्या जागा ठरावीक असतात. उघड्या नकाशावर मात्र कुठेही करता येतं, मेनूतून. म्हणून गावात अर्धवट काम टाकून उठायचं नाही. गाव संपवा, बाहेर या, सेव्ह करा, मग कुकर लावा. तंबूसुद्धा या दोन ठिकाणीच लागतो, रात्रीत सगळे ठणठणीत. आणि दोन घरांत आलटून-पालटून सेव्ह करा. पुण्यात राहत असाल तर बुधवारी रात्री नक्की.

तिप्पट वेगाचं बटण तुमच्या आवृत्तीत असेल तर जुन्या, पाहिलेल्या व्हिडिओंपुरतं ठेवा. लढाया बंद करायचं बटण मात्र लावू नका. मग पातळी वाढत नाही आणि पुढच्या बॉससमोर तुम्ही शाळेच्या दप्तरासकट उभे राहता.

मिडगारमध्ये माझे सात तास गेले. मग एक पाठलाग, एक लढाई, आणि तुम्ही शहराबाहेर पडता. तोवर वाटत असतं की गेम म्हणजे हे शहर. बाहेर हिरवं माळरान, वर आभाळ, आणि मघाचं प्रचंड मिडगार मागे एवढंसं. कात्रजचा बोगदा ओलांडला की लहानपणी मला असंच व्हायचं. इथे दहा मिनिटं नुसतं फिरा.

फिरताना दलदलीत मात्र पायी जाऊ नका. तिथला साप तुमच्या ताकदीबाहेरचा आहे. शेजारच्या फार्मवर २,००० गिलला चोकोबो पकडायचा गोळा मिळतो. पिवळ्या पक्ष्यावर बसा आणि साप लांब असताना निघा. पलीकडच्या काठावर त्या सापाचं काय झालेलं दिसतं ते मी सांगणार नाही.

सहज सुटणारी दोघं

क्लाउडच्या नऊ जणांच्या टोळीतली दोघं तुम्ही शोधली तरच मिळतात. आम्हाला तेव्हा एकही मिळाला नव्हता.

युफी जंगलात अचानक लढायला येते. हरवली की बोलायला लागते. उत्तरं या बेताने द्या: रस नाही, मग हो घाबरलोय, मग थांब जरा, मग बरोबर, शेवटी चला निघू. या सगळ्यात मेनू उघडायचा नाही. तिथे सेव्हची खूण दिसते, तिला हात लावायचा नाही. सेव्ह करायला गेलात की ती पैसे घेऊन पसार. सेव्ह करा, सेव्ह करा म्हणून वर एवढं सांगितलं, त्याला हा एकच अपवाद.

व्हिन्सेंट निबलहाइम गावातल्या बंगल्यात आहे. वरच्या मजल्यावरच्या तिजोरीचे आकडे: उजवीकडे ३६, डावीकडे १०, उजवीकडे ५९, पुन्हा उजवीकडे ९७. वीस सेकंदांत, आणि आकड्याच्या पुढे जाऊन मागे यायचं नाही. दार उघडलं की आतून लढाई निघते, म्हणून तिजोरीला हात लावण्याआधी सेव्ह करून या. किल्ली तिथेच मिळते, ती घेऊन तळघरात उतरा.

सोनेरी चोकोबोची पैदास हा वेगळा संसार आहे. मी केला नाही, शेवट त्याच्याविना होतो.

पहिल्या सीडीच्या शेवटी काय होतं ते माहीत असेल तर असेल. माहीत नसेल तर कोणाला विचारू नका, आणि तो डाव रात्री उशिरा, घर झोपल्यावर खेळा. मी काळ्या-पांढऱ्यात, आवाजाशिवाय पाहिलं होतं. या वेळी संगीतासकट पाहिलं. चिरंजीव शेजारी बसला होता. तो काही बोलला नाही, फक्त उठून पाणी पिऊन आला.

विवर

तिसऱ्या सीडीत नवं गाव नाही, तयारी करायची आणि उतरायचं. उत्तरेच्या विवरात एका पेटीत सेव्ह क्रिस्टल सापडतो. आत सेव्हची जागा नाही, हा क्रिस्टल जिथे ठेवाल ती जागा. एकदाच ठेवता येतो. वर, दरवाजाजवळ ठेवलात तर दर वेळी सगळी उतरण पुन्हा. अगदी तळाशी नेऊन ठेवायचा बेत केलात तर वाटेत मेल्यावर सगळं गेलं. वाटा फुटून पुन्हा एकत्र येतात, त्या ठिकाणापर्यंत तंबू आणि औषधं राखत जा आणि तिथे ठेवा. मी तसंच केलं, सेव्ह केलं, मशिन बंद केलं.

मग दुसरं कार्ड घातलं आणि दादाचं सेव्ह उघडलं. त्यानेही क्रिस्टल जवळजवळ तिथेच ठेवलेला. ‘ऑल’ अजून एकटाच, रिकाम्या जोडखोबणीत. मी त्याच्या शेजारी रिस्टोअर बसवला आणि दादाला चिंचवडला फोन केला की रविवारी ये, राहिलेलं संपवू.

तो आला, चपला काढता काढता टीव्हीकडे बघितलं आणि विचारलं, “या वेळी ट्रान्सफॉर्मर लावलायस ना?”